जो टिल्ट मी केलाच नाही

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, चकवा, स्वप्नात येऊन निरोप देणारे पूर्वज, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. या सदरात लोक काय काय लिहितात ते मी नेमाने वाचतो आणि वाचून झालं की बायकोला म्हणतो, "याला रात्रीचं जेवण जड गेलेलं दिसतंय." जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस मी. भिंगातून उजेड आत जातो, फिल्मवर पडतो, जे समोर असतं ते उमटतं. समोर नसेल ते उमटत नाही. इतका सरळ मामला आहे हा... आणि तरी एकदा, एकदाच, या मामल्यात काहीतरी असं झालं की अजून माझं डोकं तिथेच अडकलेलं आहे.

घराबाहेर हे कधी बोललो नाही. भीती वगैरे काही नाही हो. पण असं काही सांगितलं की लोक एकतर हात जोडतात, नाहीतर मला शास्त्र शिकवायला बसतात, आणि दोन्हीचा मला सारखाच वैताग येतो. आता अक्का गेली, तेव्हाचे बहुतेक सगळे गेले, आणि मीही काही कोवळा राहिलेलो नाही. तेव्हा लिहून टाकतो.

साल साठच्या आगेमागेचं. गाव बंगळूर, घर चामराजपेटेत. आमचं घराणं मूळचं बेळगावकडचं, पण आजोबांपासून इथेच. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडण पेटलं की दोन्ही. थोरल्या बहिणीला आमच्यात ताई म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. माझी अक्का, इंदिरा, माझ्यापेक्षा बरीच मोठी. वडील लवकर गेले, आणि त्यानंतर घर चाललं, मी शिकलो, आईचं औषधपाणी झालं, ते सगळं अक्काच्या नोकरीवर. तिने लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलंच तर ती अशी बघायची की विचारणारा कॉफी अर्धी टाकून उठायचा.

मागडी रोडच्या बाजूला मुंबईच्या एका कंपनीचा विजेची मीटरं बनवायचा कारखाना होता. आता तो नाही, नावही लिहीत नाही. अक्का तिथे वाइंडिंग सेक्शनची मुख्य. मीटरच्या आत एक रीळ असतं, त्यावर केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळायची. उजव्या हाताने छोटं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. सेक्शनमध्ये सगळ्या बायकाच. लांबच लांब टेबलं, शेजारी शेजारी बसलेल्या.

आता पुढचं नीट वाचा, कारण सगळी गोष्ट यावर आहे. अक्काने या सेक्शनला एक वळण लावलं होतं. आपलं काम बोटांनी करायचं आणि डोळे शेजारणीच्या रिळावर ठेवायचे. तार सैल पडली, ताणली गेली, तर ते चिमटीला आपोआप कळतं. पण तारेचा एक वेढा दुसऱ्यावर चढला, तर ते बोटांना समजत नाही, बाजूने बघणाऱ्याला लगेच दिसतं. म्हणून शेजारणीने बघायचं. चूक दिसली की आपला हात थांबवायचा आणि हनुवटीने तिला खूण करायची. बोलायचं नाही, कारण प्रत्येकीची मनातल्या मनात वेढ्यांची मोजणी चालू असते, बोललं की ती चुकते. या एका सवयीमुळे त्या सेक्शनला वेगळा तपासनीस लागत नसे. अक्काला याचा भारी अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

मीही त्याच कारखान्यात, फिल्म युनिटमध्ये. युनिट म्हणजे काय तर मी, एक चावी भरून चालणारा कॅमेरा, एक ट्रायपॉड, एक प्रोजेक्टर, आणि आमच्यावर पब्लिसिटी ऑफिसर रावसाहेब. रावसाहेब म्हैसूरचे. मला "सीना" म्हणायचे, माझ्या शीनू या नावाचं कन्नड रूप. माणूस वाईट नव्हता, आणि फिल्मची नजर तर अशी की बोलायचं काम नाही. मला जे काही येतं त्यातलं अर्धं त्यांनी शिकवलं. कॅमेरा खाली ठेवून वर बघितलं की माणूस मोठा होतो, वर ठेवून खाली बघितलं की तोच माणूस बिचारा होतो. शॉट लांबवला की काम रेंगाळल्यासारखं वाटतं, तुकडे केले की तेच काम झपाट्याने चाललेलं दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौकटीच्या बाहेर जे राहिलं, ते बघणाऱ्याच्या दृष्टीने जगात नाहीच.

त्या वर्षी परदेशातून तार गुंडाळायचं एक आपोआप चालणारं मशीन नमुना म्हणून आलं. कारखान्याच्या मॅनेजरच्या मनात ती मशीनं घ्यायची आणि वाइंडिंग सेक्शन बंद करायचं होतं. बायकांना दुसरीकडे कुठे घेणार, तर कुठेच नाही. ठरवणार मुंबईचं बोर्ड. ते लोक सकाळी येणार, फिल्म बघणार, जेवणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत. कारखान्यात फिरायला त्यांना वेळ नाही, म्हणून तर फिल्म. म्हणजे जे काय ठरायचं ते पडद्यावर.

रावसाहेबांनी मला फिल्मची आखणी सांगितली. मशीन खालून घ्यायचं, छपराच्या काचेतून येणारा उजेड त्याच्या मागे ठेवून, छोट्या छोट्या चलाख शॉट्समध्ये. बायका मात्र वरून. आणि बायका तरी कुठे, नुसते हात. टेबलाच्या वर मचाण बांधायचं, कॅमेरा खाली रोखायचा, आणि कट न करता लांबच लांब शॉट. त्या शॉटमध्ये हात फिरणार, थांबणार, पुन्हा फिरणार. बघणाऱ्याला काय वाटेल? बायका मधेमधे आराम करतायत. मी रावसाहेबांशी वाद घातला, चांगला अर्धा तास घातला. हात का थांबतो ते डोळ्यांत दिसतं, हनुवटीत दिसतं, तुम्ही तर मानेच्या वरचं सगळं चौकटीबाहेर टाकताय, असं म्हणालो.

ते शांतपणे म्हणाले, "ते दिसायला नकोच आहे, सीना."

घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. म्हटलं, मी हे करत नाही, नोकरी गेली तर गेली. ती भात वाढत होती. वाढता वाढता म्हणाली की दोघांची एकदम गेली तर आईला काय घालणार आपण? तू तुझं काम नीट कर, आम्ही आमचं करतो. मॅनेजरला ती आधीच जाऊन भेटली होती. त्याने तिला सांगितलं होतं की बघणं हे काही उत्पादन नव्हे. ते वाक्य सांगताना मात्र तिचा आवाज फाटला. जन्मात पहिल्यांदा मी अक्काला अशी बघत होतो.

शूटिंग दिवसाउजेडी, भर शिफ्टमध्ये झालं. पॅकिंगच्या खोक्यांचं मचाण, त्यावर ट्रायपॉड. कॅमेऱ्याचं तोंड खाली वळवलं, टिल्टचा स्क्रू, म्हणजे कॅमेरा वर-खाली कलवायचा, मी स्वतः आवळला, आणि इतका आवळला की नंतर सोडवताना पक्कड लागली. हे मुद्दाम सांगतोय. रावसाहेब प्रत्येक शॉटच्या आधी वर चढून कॅमेऱ्याच्या खिडकीतून, म्हणजे फाइंडरमधून बघायचे, "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचे, आणि मग मी बटण दाबायचो. पूर्ण वेळ माझा डोळा फाइंडरला लागलेला. पूर्ण वेळ मला दिसले ते फक्त हात. पहिले अक्काचे, मग तिच्या शेजारच्या गंगम्माचे, मग पुढच्यांचे. अक्काच्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग होता, तो फाइंडरमध्ये दिसला आणि मला उगाचच रडू यायला लागलं. पण कॅमेरा हलू दिला नाही. तेवढा कसबी मी तेव्हाही होतो.

फिल्म रिव्हर्सलची होती. म्हणजे जी कॅमेऱ्यात जाते तीच धुऊन येते आणि तीच पडद्यावर लावायची. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही, काही नाही. मुंबईला धुवायला पाठवली. परत येईपर्यंत बोर्डाची भेट तोंडावर आली होती. रावसाहेबांच्या खोलीत पडदे ओढून आम्ही दोघांनीच ती लावली.

मशीन झकास आलं होतं. खोटं का बोलू, मलाच माझं कौतुक वाटलं. मग हात आले. अक्काचे. चाक फिरतंय, तार सुटतेय... हात थांबला. आणि चौकट वर सरकायला लागली.

सावकाश. मनगट, काचेच्या बांगड्या, कोपर, खांदा, मग अक्काचा चेहरा. तिची नजर गंगम्माच्या रिळावर, भुवया जराशा चढलेल्या. मग हनुवटी किंचित हलली. कॅमेरा त्या हनुवटीच्या रोखाने बाजूला वळला, आणि तिथे गंगम्मा, तिच्या रिळावर वर चढलेला वेढा, तो सोडवणारी तिची नखं. मग परत अक्का. तिचा हात पुन्हा सुरू. पुढच्या शॉटमध्ये तेच, त्याच्या पुढच्यात तेच. प्रत्येक थांबलेल्या हाताचा जाब कॅमेरा वर जाऊन आणत होता.

रावसाहेब भडकले. टिल्ट करायला कुणी सांगितलं होतं म्हणाले. मी म्हटलं, मी केलेला नाही. पण पुढचं बोलायच्या आधीच त्यांनाही तेच दिसलं जे मला दिसलं होतं. चेहरे वरून घेतलेले नव्हते. समोरून होते, बसलेल्या बाईच्या बरोबरीने, डोळ्याला डोळा. आमचा कॅमेरा मचाणावर. तिथून टिल्ट केला तरी डोक्याचा भांग दिसेल, चेहरा असा कसा दिसेल? हा कॅमेरा वर वळत असतानाच खाली उतरलेला होता, आणि उतरला होता तो टेबलावर, जिथे रिळांचे ट्रे होते आणि पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यांनी फिल्म मागे घेऊन परत बघितली. मग परत. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "कापून टाक."

परत शूट करणं शक्यच नव्हतं. कच्ची फिल्म तेव्हा परवान्यावर मिळायची आणि आमचा वाटा संपला होता. मी कापायला बसलो आणि ते शेजारी खुर्ची घेऊन बसले. जिथे चौकट सरकायला लागते तिथे कात्री, जिथे हात परत येतात तिथे जोड. प्रत्येक जोड त्यांनी भिंगाखाली तपासला. कापलेले तुकडे गुंडाळून एका डब्यात घातले, डबा त्यांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. उरलेली फिल्म आम्ही एकदा चालवून बघितली. नुसते हात. थांबणारे, आळशी हात. ठरवलं होतं तशीच झाली होती, दुर्दैवाने फारच चांगली झाली होती.

हे सगळं अक्काला सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, निदान देवाला दिवा तरी लावेल. तिने एवढंच विचारलं की गंगम्माची तार वर चढलेली नीट दिसत होती का. म्हटलं, अगदी स्वच्छ. तर म्हणाली, मग कापायला नको होती.

बोर्डाचे लोक आले. कँटीनच्या हॉलच्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं, पुढे गुबगुबीत खुर्च्या, मागे मी आणि प्रोजेक्टर. आमच्या फिल्मना आवाज नसायचा. त्यामुळे रावसाहेब पडद्याच्या बाजूला एका छोट्या दिव्याखाली उभे राहून कॉमेंटरी वाचायचे, इंग्रजीत, आणि झोकात. तोंड लोकांकडे, डोळे कागदावर, पाठ पडद्याला. त्यांना पडदा बघायची गरज नसे, त्यांची वेळ इतकी पक्की होती. त्या दिवशी मात्र त्या पक्केपणाने घात केला.

मशीन झालं. लोकांनी माना डोलावल्या. मॅनेजर तर हसतच होता. मग अक्काचे हात आले, आणि रावसाहेबांनी आवाज जरा खाली घेतला, हळहळल्यासारखा. ते वाचत होते की हा हात बघा. फिरतो... आणि थांबतो.

आणि चौकट वर सरकायला लागली.

ही फिल्म मी स्वतः कापली होती, स्वतः जोडली होती, त्याच सकाळी स्वतः प्रोजेक्टरला चढवली होती. मनगट, बांगड्या, खांदा, अक्का. भल्यामोठ्या पडद्यावर माझी अक्का, भुवया चढवून बघतेय. हनुवटी हलली, गंगम्मा आली, चढलेला वेढा आला. आणि दिव्याखाली रावसाहेब शांतपणे वाचतायत की हात पुन्हा थांबला, का थांबला हे कुणालाच ठाऊक नाही.

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. रावसाहेबांना वाटलं, आपल्या वाक्याला दाद मिळाली. त्यांनी अजून रंगून वाचलं. कामगार तेव्हा कुठे बघतो, काय विचार करतो, देव जाणे, असं काहीतरी. आणि तेव्हा पडद्यावर एकीमागून एक बायका कुठे बघतायत ते स्वच्छ दिसत होतं. आता सगळा हॉल हसत होता. मॅनेजर उठून माझ्याकडे बघून हात हलवत होता, बंद कर, बंद कर. मी पाहिलं नाही असं केलं. अहो, अंधार होता.

पुढच्या रांगेत मधोमध बोर्डाचे चेअरमन बसले होते, म्हातारे पारशी इंजिनिअर. त्यांनी काठी आपटली आणि दिवे लावायला सांगितलं. रावसाहेब वळले, पण तोवर पडदा पांढरा होता. चेअरमननी मॅनेजरला विचारलं की या सेक्शनला तपासनीस किती? मॅनेजरने चाचरत सांगितलं की तसा... नाही. मग त्या मशीनला किती लागणार? मॅनेजर कागद चाळायला लागला. म्हातारा म्हणाला, ती पहिली बाई कोण आहे, तिला बोलवा.

अक्का आली. पदराला हात पुसत, ताठ, दारात चपला काढून. मॅनेजर तिच्याशी कन्नडमध्ये काही कुजबुजायला लागला, पण चेअरमननी तिचं नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मुंबईकर पारशी, मराठी त्यांना येत होतं, त्यांच्या पद्धतीचं.

"बाई, तुमी हात थांबवून काय बघते?"

कारखान्यात इतकी वर्षं काढली आम्ही दोघांनी. मराठी घरी बोलायची, बाहेर कन्नड, साहेबांशी इंग्रजी. त्या हॉलमध्ये साहेबाच्या खुर्चीतून मराठी ऐकून अक्काने मान वळवून सरळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "साहेब, माझं रीळ माझ्या बोटांना दिसतं. मी तिचं बघते."

म्हातारा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, परत लावा, आणि आता ही बाई बोलेल. परत लावल्यावर नुसते हात आले तर? मी रीळ मागे घेतलं, दिवे गेले. हात आले... थांबले... आणि चौकट पुन्हा वर सरकली. अक्काने स्वतःला पडद्यावर पाहिलं, जराशी दचकली, आणि मग पडद्याजवळ गेली. रावसाहेब बाजूला झाले. त्यांनी दिव्याखालची जागा तिला दिली, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. आणि माझ्या अक्काने त्या फिल्मला कॉमेंटरी दिली, मराठीत, बोट दाखवून दाखवून. ही गंगम्मा, ही आत्ता चुकली, आता बघा कशी सोडवते. ही जयम्मा, नवीन आहे, हिच्यावर दोघी लक्ष ठेवतात. इथे माझा हात थांबला, म्हणून हे रीळ वाचलं. चेअरमन बाकीच्यांना इंग्रजीत सांगत होते. मी प्रोजेक्टरमागे उभा राहून ढसाढसा रडत होतो आणि त्याच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

जेवण राहिलं. सगळं बोर्ड वाइंडिंग सेक्शनमध्ये गेलं आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच होतं. शेवटी ठरलं ते असं की मशीनं येतील, पण येतील ती अक्काच्या सेक्शनमध्ये, चालवतील याच बायका, आणि एकीलाही काढायचं नाही. बातमी कळली तेव्हा त्या अख्ख्या सेक्शनने मोजणी सोडून दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथे काम चालू असताना आवाज झाला, आणि अक्काने तो होऊ दिला. त्या दिवशी आमच्या चामराजपेटेतल्या घरी इतक्या बायका आल्या की आईने शेजारून पातेली मागवली. उप्पीट संपलं, मग नुसती कॉफी, मग साखर संपली तरी कुणी उठेना.

पण त्याआधी, बोर्ड गेल्या गेल्या, मी आणि रावसाहेबांनी ती फिल्म तिथेच पुन्हा चालवली. नुसते हात. मी रीळ टेबलावर उलगडून भिंगाखाली फूट फूट बघितलं. हात, जोड, हात, जोड. एकही चेहरा नाही. त्यांनी कपाट उघडलं. कुलूप शाबूत, डबा शाबूत, कापलेले तुकडे जसे गुंडाळले होते तसे, आणि त्यांत अक्का, गंगम्मा, जयम्मा. म्हणजे हॉलभर माणसांनी, एकदा नव्हे दोनदा, जे पडद्यावर पाहिलं ते त्या वेळी कुलुपात होतं.

रावसाहेबांनी कपाटाला पुन्हा कुलूप लावलं. मग म्हणाले, "सीना, कॉमेंटरी चांगली लिहिली होती रे मी." आम्ही दोघंही हसलो, आणि त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

आता तुम्ही सुचवाल ते सगळं मी करून चुकलोय. फाइंडर भिंगाच्या बाजूला असतो, त्यामुळे जवळचं दृश्य जरा सरकून येतं, हे खरं. पण सरकून येतं, वर चढून डोळ्यांत बघून परत येत नाही. झोपेत चालणाऱ्या माणसासारखा बेभान होऊन मीच टिल्ट केला असेल? रावसाहेब समोर उभे होते. लोकांना भास झाला? मग मुंबईच्या म्हाताऱ्याने, कधी न पाहिलेल्या अक्काला, हात थांबवून काय बघते, असं कसं विचारलं? ट्रायपॉड मद्रासच्या एका स्टुडिओकडून जुना घेतलेला होता. मी रजा काढून तिथे गेलो, म्हटलं यात काहीतरी असेल. एखादा मेलेला कॅमेरामन, एखादी अपुरी राहिलेली इच्छा... तुमच्या गोष्टींत असतं तसं. काही नाही. कुणी मेलेलं नव्हतं. ज्याचा ट्रायपॉड होता तो धडधाकट होता आणि त्याने मला दोसा खाऊ घातला.

पुढच्या वर्षी त्याच सेक्शनवर नवी फिल्म करायची ठरली. या वेळी कॅमेरा बायकांच्या समोर, आणि टिल्ट मी स्वतः, उघडपणे, जीव तोडून केला. हातांवरून सावकाश वर, अक्काच्या चेहऱ्यावर. फिल्म धुऊन आल्यावर कँटीनच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना दाखवली. पुढच्या गुबगुबीत खुर्च्यांवर त्याच बसल्या होत्या. जिचा चेहरा यायचा तिच्या नावाचा गजर व्हायचा. संपल्यावर मी अक्काकडे गेलो, शाबासकीच्या आशेने, अर्थात.

ती म्हणाली, "चांगलं आहे. पण हे तू केलंयस ते कळतंय."

राग आला नाही मला. खरंच होतं ते. त्यानंतर मी आयुष्यभर टिल्ट केले, नाव मिळवलं, बक्षिसं मिळवली, पण त्याच्या पासंगालाही पुरेल असा एक झाला नाही. तो कुणी केला, कसा केला, मला आजही सांगता येत नाही. अक्काला पुढे कितीदा तरी विचारलं, तुला काय वाटतं, कोण असेल? ती कधी देवाचं नाव घ्यायची नाही आणि भुताचंही नाही. हातातलं काम न थांबवता म्हणायची, "कोण का असेना. ज्याने केलं त्याला काम येत होतं."